जमिनीनं काय खाल्लं?

टेंभुरखेड्याच्या जमिनीनं सांडलेल्या तेलाहून जास्त तेल खाल्लं होतं, आणि हे माझ्याशिवाय कुणालाच खटकलं नव्हतं.

कंपनीचा अहवाल माझ्या टेबलावर सहीसाठी आला होता. त्यात सगळं कसं छान होतं. आलेख चढते, रंग हिरवे आणि शेवटी ठसठशीत वाक्य, की भूमीने स्वतःला शुद्ध केले असून विहिरी खुल्या करण्यास हरकत नाही. बारा वर्षांपूर्वी जमिनीखालची इंधनवाहिनी फुटली, तेव्हा किती पेट्रोल सांडलं हे कंपनीनं शपथेवर सांगितलं होतं. आता जमिनीनं किती पचवलं हे कंपनीच्याच यंत्रांनी मोजलं होतं, आणि ते चांगलं सव्वापट भरत होतं. ताटात वाढलं त्याहून जास्त जेवून कुणी उठतं का? एक तर कंपनी तेव्हा खोटं बोलली होती, नाहीतर आता बोलत होती. कुठंतरी पाणी मुरत होतं, आणि ते कुठं मुरतं हे शोधण्याचाच मला सरकार पगार देतं.

मी हेमलता गांगुर्डे, जिल्ह्याची भूजल अधिकारी. स्वभाव संशयी. आई म्हणायची, "आमची हेमी देवळातून बाहेर आली की आधी चपला बघते, मग कळसाला हात जोडते." टेंभुरखेडे माझं माहेर, म्हणून हे प्रकरण दुसऱ्या कुणाकडे द्यावं असं कचेरीत सुचवून झालं होतं. पण हुंग्या चालवता येणारी जिल्ह्यात मी एकटीच होते.

हुंग्या म्हणजे काय ते सांगायला हवं.

पेट्रोल जमिनीत मुरलं म्हणजे जन्माचं मुरलं असं नसतं. मातीत, मुरमात, खडकाच्या भेगांत असे जिवाणू असतातच, की ज्यांना तेल हे अन्न आहे. प्राणवायू असतो तोवर ते त्याच्या आधारानं तेल पचवतात. तो संपला की नायट्रेट, मग लोह, मग गंधकाचे क्षार वापरतात. म्हणून अशा विहिरीचं पाणी काढून ठेवलं की तांबूस होतं आणि त्याला कुजक्या अंड्यांचा वास मारतो. शेवटी तेल जातं आणि उरतो तो कर्बवायू, थोडा मिथेन, थोडी ऊब. कुणी बोटही न लावता हे होतं. वेळ मात्र लागतो, कुठं दहा वर्षं, कुठं पन्नास.

कंपन्यांना ही निसर्गाची करामत फारच आवडली. खोदायला नको, उपसायला नको, हातावर हात ठेवून बसायचं आणि मोजायचं. त्यातून स्वयंशुद्धीचा कायदा आला. नुसत्या पाण्याच्या नमुन्यावर भरवसा ठेवता येत नाही, हे कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक होतं. आमच्याकडच्या काळ्या खडकात तेल भेगांत दडून बसतं. दोन पावसाळे चांगले झाले की पाणी वर चढतं, तेल खाली कोंडलं जातं आणि नमुना स्वच्छ येतो. पाणी उतरलं की पेट्रोलमधलं बेंझिन पुन्हा दारात हजर. हे बेंझिन वर्षानुवर्षं पोटात गेलं तर रक्ताचा कर्करोग होतो. म्हणून कायद्यानं पाण्याबरोबर जमिनीचा श्वासही, म्हणजे तिच्यातून बाहेर पडणारा कर्बवायू, मोजायला लावला. जितका श्वास, तितकं तेल पचलं.

पण श्वास किती ते कळलं, तरी श्वास कशाचा ते कळत नव्हतं. मिसळ खाऊन आलेला माणूस आणि वरणभात खाऊन आलेला माणूस, दोघंही श्वास टाकतात. फरक वासाचा. हुंग्याला तो वास कळतो. कर्बाला एक जड भाऊ असतो. तेलात तो कमी असतो, उसात चांगलाच जास्त. आणखी एक किरणोत्सारी भाऊ असतो, तो काळाबरोबर विरत जातो. कोट्यवधी वर्षं गाडलेल्या तेलात त्याचा मागमूस नसतो, कालपरवा उगवलेल्या झाडात तो भरपूर असतो. हे दोघं किती आहेत ते हुंग्या जमिनीच्या श्वासात जागच्या जागी तपासतो आणि जमिनीनं काय खाल्लं ते सांगतो. त्याचं सरकारी नाव लांबलचक आहे. हुंग्या हे नाव गावोगावच्या लोकांनी ठेवलं, तेच टिकलं.

मी माहेरी पोचले तेव्हा ओसरीवर गौतमी बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. गौतमी माझ्या थोरल्या भावाची, दिनकरअण्णाची लेक. पहिलं बाळंतपण, मुलगी झालेली.

"आत्या, सही केलीस का गं?" तिनं बसायच्या आधीच विचारलं.

"पाणी तर दे आधी."

"टँकरचं देऊ, का चार दिवस थांबतेस? मग आपल्या विहिरीचंच पी."

सव्वा महिना झाला की बाळंतिणीनं विहीर पुजायची, हळदकुंकू वाहायचं, गूळखोबऱ्याचा नैवेद्य पाण्यात सोडायचा आणि भरलेली कळशी घेऊन घरात यायचं, अशी आमच्याकडे रीत. वाहिनी फुटली तेव्हापासून गावातल्या बाळंतिणी टँकरच्या तोटीला कुंकू लावत होत्या. आमच्या मळ्यातल्या विहिरीवर लोखंडी जाळी होती. जाळीला कुलूप होतं आणि त्या कुलपाची किल्ली माझ्याकडे. यंदा गौतमीच्या पूजेला जाळी उघडायची, हे सगळ्या गावानं परस्पर ठरवून टाकलं होतं. गौतमीच्या आईनं, कुसुमवहिनींनी, कळशी चिंचेनं घासून तयार ठेवली होती.

मी बाळाकडे पाहिलं. ती या पाण्यानं न्हाणार होती, हेच पाणी पिऊन मोठी होणार होती. माझी सही म्हणजे कागदावरची रेघ नव्हती.

"काय गं हेमे, लगेच मळ्यात निघाली?" अण्णा गोठ्याकडून आला. "बस जरा. काय तपासायचं राहिलंय आता? कंपनीनं सगळं मोजलंय."

"म्हणूनच तपासायचंय."

"तू नं, आजीच्या वळणावर गेलीस," तो हसला. पण हसताना त्याची नजर माझ्याकडे नव्हती. ती मी टिपली.

विहिरीच्या भोवती कंपनीनं श्वासनळ्या पुरल्या होत्या. मनगटाएवढ्या जाड, पार खडकातल्या भेगांपर्यंत, चाळीस फूट खोल गेलेल्या. मी एकीवर हुंग्याचं बूच बसवलं आणि करंजाच्या सावलीत जाऊन थांबले. आकडे आले. श्वास दणदणीत होता, धापा टाकाव्यात तसा. पण तेलाचा नव्हता. कर्ब ताजा होता आणि जड होता. दुसरी नळी, तिसरी नळी, सगळीकडे तेच. तेलाचा श्वास शोधावा लागत होता.

ज्वारी, बाजरी, मका यांचाही कर्ब असाच जड असतो. पण चैत्राचं ऊन, रानं उघडी पडलेली, आणि ज्वारीची मुळं काही खडक फोडून चाळीस फूट जात नाहीत. उरला ऊस. आजकालच्या पेट्रोलमध्ये उसापासून केलेलं इथेनॉल भरपूर घालतात. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. वाहिनी पुन्हा गळत होती! नवं, इथेनॉलवालं पेट्रोल खाली उतरत होतं आणि कंपनी त्यावर पांघरूण घालत होती.

मी तिथूनच सौमित्र बिडव्यांना फोन लावला. हे कंपनीचे पर्यावरण अभियंता. माणूस गोड, इतका की बोलणं झाल्यावर कान धुवावेसे वाटतात.

"मॅडम, नवी गळती असेल तर मी स्वतः वाहिनी उकरून दाखवतो," ते म्हणाले. "दाबाची नोंद तुमच्या कचेरीत रोज येते. थेंबही कमी नाही."

"मग हा उसाचा श्वास कुठला?"

"उसाचा का असेना. कायद्यात श्वास किती ते लिहिलंय, कशाचा ते नाही. जमीन जिवंत आहे, तुमच्या भावाची नात त्या विहिरीचं पाणी पिणार आहे. आनंद माना."

माझ्या घरी नात आहे हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

मी नळीतून खालचं पाणी उपसलं आणि पेटीतल्या संचावर तपासलं. बेंझिन होतं, खाली, कोंडलेलं, बारा वर्षांपूर्वीइतकंच मुर्दाड. इथेनॉलचा पत्ता नव्हता. मात्र पोटॅश भरमसाट होतं. इथेनॉल हे गाळून काढलेलं स्वच्छ द्रव्य, त्यात पोटॅश कुठून येणार? पोटॅश येतं मळीतून. साखर कारखान्यात साखर काढून घेतल्यावर जो काळा चिकट पाक उरतो, त्या मळीतून. तरी माझा विश्वास बसेना. मी पेटी आवरायला वाकले आणि नळीच्या तोंडाकडे माझं लक्ष गेलं.

नळीवर मुंगळे होते. चांगली रांग लागली होती, बांधापासून नळीच्या तोंडापर्यंत.

पेट्रोलला मुंगळे लागत नाहीत. मी त्या रांगेच्या मागं मागं गेले. ती बांधावरून वळून, चिंचेच्या बुंध्यावरून, सरळ आमच्या गोठ्यात शिरली होती.

गोठ्याच्या दारात अण्णा आडवा आला. "तिकडं नको जाऊ. म्हैस मारकी आहे."

"अण्णा, ती माझ्या हातून पेंड खाते."

"हल्ली बिघडलीय."

"म्हैस बिघडली का तू?"

त्यानं वाट सोडली. आत, कडब्यामागं निळे ड्रम होते, वरून पोती झाकलेली. झाकण उचललं तसा मळीचा उग्र गोड वास नाकात शिरला. बाजूला जिवामृताची टाकी. शेण, गोमूत्र, हरभऱ्याचं पीठ, गूळ, सगळी तयारी.

खरं सांगते, मला रडू आलं. कंपनीनं लबाडी करावी याची मी वाटच बघत होते. ती लबाडी माझ्या बापाच्या गोठ्यात निघेल असं वाटलं नव्हतं.

"कंपनीनं काय दिलं रे तुला याचं?" मी विचारलं.

अण्णाचा चेहरा पडला. "मला विकत घेतला असं म्हणू राहिली का तू?"

"मग हे काय आहे?"

"औषध आहे!" तो ओरडला, तशी म्हैस दचकली. "बिडवेसाहेब ग्रामसभेत काय म्हणले होते? जिवाणू तेल खातेत. जिवाणू वाढले की तेल संपलं. आता जिवाणू वाढवायचे कसे, हे आम्हाला कुणी शिकवायचं का? आख्ख्या तालुक्यात जिवामृत करायला लोक मला बोलावून नेतेत. शेण टाकलं, गूळ टाकला, की मुठीतल्या मातीत दुनियेचे जिवाणू उठतेत. रानाला चालतं, मग विहिरीला का नाही? गावात कुणाला विचार. दर अमावस्येला घरटी माणूस येऊन नळीत ओतून जातो. पोरीबाळी हळद वाहून जातेत. तुला सांगितलं नाही, कारण तू म्हणली असती, आधी परवानगी आणा."

म्हणजे गावाला सगळं ठाऊक होतं. ओसरीवर माझ्याशी हसून बोलणाऱ्या गौतमीलाही.

मी खाली बसले. चूक झाली होती ती आळसानं नाही, लबाडीनं नाही. हातातली विद्या चुकीच्या जागी लावल्यानं झाली होती, आणि ती याच माणसांकडून होऊ शकत होती.

"अण्णा, गौतमी लहानपणी हातात गुळाचा खडा असला की भाकरीला शिवायची का?"

"नाही शिवायची. का?"

"तुझे जिवाणू वाढले. पण ते गूळ खाऊन वाढले. इतका गोड घास समोर असताना ते कडू तेल कशाला खातील? शिवाय खाली होता नव्हता तो प्राणवायू, नायट्रेट, सगळं त्या गुळाच्या जेवणावळीत संपलं. तेल आहे तिथंच आहे. उलट तू नसतं ओतलं, तर आतापर्यंत थोडं तरी कमी झालं असतं."

तो कितीतरी वेळ म्हशीच्या पाठीवर हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "आपल्या नातीला मी हेच पाजणार होतो."

मला त्याची दया आली. तरी मी विचारलंच, कारण स्वभावाला औषध नाही. "गूळ तुझा. ही मळी कुठली?"

"बिडवेसाहेबानी पाठवली. सेंद्रिय शेतीला मदत म्हणून. फुकट. मी त्यांना एकदा सहज बोललो, की आम्ही नळीत जिवामृत सोडू राहिलो. ते म्हणले, झकास. पुढच्या हप्त्यात ड्रम आले. नळ्या आधी उथळ होत्या, त्या काढून त्यांनी खोल मारून दिल्या. म्हणले, वरून ओतून काय फायदा, भुकेले तर खाली आहेत."

आता सगळं जुळलं. मोजायचा होता श्वास, आणि श्वास कसा वाढवायचा हे गावानंच त्यांच्या हातात दिलं होतं. आणि पकडले गेले तरी त्यांचं काही बिघडत नव्हतं. प्रदूषित जागेत गावकऱ्यांनी काही घातल्याचं सिद्ध झालं तर कंपनीची जबाबदारी संपते, असं त्याच कायद्यात एक कलम आहे. मी खोटं लिहिलं तर विहीर उघडणार आणि बेंझिन घराघरात जाणार. खरं लिहिलं तर टँकर बंद, कंपनी मोकळी, आणि गुन्हेगार माझा भाऊ. हुंग्याला काय खाल्लं ते कळतं. कुणी भरवलं ते कळत नाही.

"मग लिहूच नको," अण्णा हळूच म्हणाला. "मी आजपासून बंद करतो. तू नुसती सही लांबव. यंत्र बिघडलं म्हण."

मोह झाला, नाही कशाला म्हणू? पण मी सही लांबवली असती तर कंपनीनं दुसरा अधिकारी आणला असता, कमी खोडीचा. शिवाय त्या क्षणीही माझा अण्णावर पुरता विश्वास बसला नव्हता. तो ओसरीवर गेल्यावर मी ड्रममधली मळी बाटलीत भरून घेतली आणि प्रत्येक झाकण उघडून पाहिलं, एखाद्यात दुसरं काही आहे का. सगळ्यांत मळीच होती. त्या दिवशी मला माझीच थोडी लाज वाटली.

"कुणी भरवलं ते एकच माणूस सांगू शकतो," मी ओसरीवर येऊन त्याला म्हणाले. "पण तुला गावासमोर म्हणावं लागेल, की माझं चुकलं."

आमच्या घराण्यात हे वाक्य पुरुषांच्या तोंडी कुणी ऐकलेलं नाही.

दोन दिवसांनी ग्रामसभा भरली. बिडवे पेढे घेऊन आले होते. मी हुंग्याचे आकडे सांगितले, उसाचं सांगितलं, मळीचं सांगितलं. सभेत एकदम कुजबुज झाली. बिडव्यांनी अतिशय दुःखी चेहरा केला.

"आम्ही मळी शेतीसाठी दिली होती," ते म्हणाले. "ती विहिरीत गेली याचं वाईट वाटतं. पण मग कायद्याप्रमाणं कंपनीला यापुढं..."

"थांबा साहेब." अण्णा उठला होता. टोपी काढून त्यानं हातात घेतली. "गूळ मी ओतला. गावाला मी शिकवलं. माझं चुकलं, त्याची गाव काय ती शिक्षा करील. पण मला एक सांगा. शेतीला मळी द्यायची तर ती पाटाच्या पाण्यातून देतेत. चाळीस फुटांची नळी कशाला लागते? ती तुमच्या मशीननं तुम्ही मारली. तुमचा माणूस उभा राहून मला दाखवू राहिला होता, कसं ओतायचं ते. मी एकटा नव्हतो तिथं. कोण कोण होतं, उठा!"

आधी कोपऱ्यातून कुसुमवहिनी उठल्या. मग त्यांच्यामागची बाई. मग एकेक करून इतकी माणसं उठली, की बसलेले तेवढे बिडवेच उरले. त्यांनी खिशातला फोन काढला.

निकाल अजून लागायचा आहे. कंपनीचे वकील म्हणतात, नळ्या हवा खेळावी म्हणून मारल्या होत्या. पण तोवर टँकर सुरू आहे, नळ्या सीलबंद आहेत आणि जाळी बंद आहे. गावात अण्णाला जिवामृताला आता कुणी बोलावत नाही. चावडीवर तो आला की लोक, "दिनकरराव, गुळाचा चहा घेणार का?" असं विचारतात. तो घेतो आणि उठून येतो.

गौतमीची पूजा ठरल्या दिवशीच झाली, जाळी न उघडता. वहिनींनी कठड्याला पाच बोटं हळदीची, पाच कुंकवाची लावली. बाळ अण्णाच्या खांद्यावर झोपलं होतं. गौतमीनं गूळखोबऱ्याचा नैवेद्य घेतला आणि जाळीतून खाली सोडायला हात पुढं केला.

अण्णानं तिचा हात धरला.

"गूळ नको, बाई," तो म्हणाला. "उपाशी राहू दे त्यांना. मग तेल खातील."

गौतमीनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि तो खडा माझ्या हातावर ठेवला. मी सवयीनं आधी हुंगला, मग खाल्ला.

सील काढून मी नळीवर हुंग्याचं बूच बसवलं. श्वासाची धाप आता थोडी उतरली होती. गुळाचा अंमल अजून पुरता उतरला नव्हता. पण त्याच्या तळाशी एक बारीकशी रेघ होती, हलकी आणि जुनी. तेलाची.

"किती दिवस लागतील?" अण्णानं विचारलं.

"दिवस नाही. वर्षं."

"ही पहिलटकरीण होऊन येईल तोवर?" त्यानं खांद्यावरच्या नातीला थोपटलं.

"मोजत राहिले पाहिजे."

"कोण मोजणार? तू तर तेव्हा म्हातारी असशील."

"मग तिलाच शिकवू."

तो पहिल्यांदाच हसला, माझ्याकडे बघून. निघताना मी जाळीचं कुलूप ओढून पाहिलं. चार पावलं गेल्यावर अण्णा मागं फिरला आणि त्यानंही ते ओढून पाहिलं.